तिसरीतल्या मुलीचा चष्म्याचा नंबर वर्षात दुपटीने वाढला, रोजचे थेंब सुरू करावेत का?

इंदिरानगरची_आई

नमस्कार मंडळी. मुलगी आठ वर्षांची, तिसरीत आहे. गेल्या वर्षी फळ्यावरचं नीट उतरवून घेत नाही अशी बाईंची तक्रार आली म्हणून डोळे तपासले तर दोन्हीकडे मायनस एक निघाला. आता परवा दाखवलं तर उजवा मायनस सव्वादोन आणि डावा मायनस दोन. घरी आल्यावर मी दोन्ही कागद शेजारी ठेवून कितीतरी वेळ बघत बसले होते.

डॉक्टरांनी तीन गोष्टी सांगितल्यात. एक म्हणजे नंबर संथ वाढावा म्हणून रोज रात्री अ‍ॅट्रोपिन या औषधाचा एकेक थेंब, तोही दोन वर्षं तरी. दुसरं म्हणजे नंबर वाढू नये म्हणून निघालेल्या खास काचा, ज्यांचा खर्च पाच आकडी आहे. आणि तिसरं, रोज दोन तास बाहेर खेळणं. सासूबाई म्हणतात एवढ्याशा पोरीच्या डोळ्यात वर्षानुवर्षं औषध कशाला घालायचं, आणि आमच्या सोसायटीतल्या एक ताई म्हणतात चष्मा दिवसभर लावू देऊ नकोस, सवय लागते आणि नंबर वाढतच जातो. नवऱ्याला स्वतःला मायनस साडेपाच आहे, चौथीपासून चष्मा. तो म्हणतो मला कोणी थेंबबिंब घातले नव्हते, काय बिघडलं? पण त्याच्या डोळ्याच्या आतल्या पडद्याला कडेला पातळ भाग आहे म्हणून गेल्या वर्षी लेझर करावं लागलं हे तो सोयीस्कर विसरतो.

तिचा दिवस सांगते म्हणजे अंदाज येईल. पावणेसातला बस, दीडला घरी, जेवण, थोडी झोप, चारला अबॅकस, साडेपाच ते सात क्लास, मग होमवर्क. मोबाईल आम्ही फार देत नाही, जेवताना अर्धा तास टीव्ही असतो. म्हणजे स्क्रीन कमी असूनही नंबर वाढलाय आणि हेच मला कळत नाहीये.

यावर अलीकडे खरंच काही संशोधन झालंय का, की हे सगळं नवीन निघालेलं प्रस्थ आहे? नाशिकमध्ये कोणी मुलांना हे थेंब किंवा काचा दिल्यात का? धाकटा पाच वर्षांचा आहे, त्याला अजून काही नाही, पण आता त्याचीही धास्ती वाटायला लागलीये.

---

सिडकोचा_बाबा

ताई, आमचा मुलगा सातव्या वर्षी चष्म्यात आला, आता पाचवी संपत आलीये. थेंब चालू आहेत. सुरुवातीला ०.०१ टक्क्याचे दिले होते, त्याने नंबर वाढायचा थांबला नाही मग डॉक्टरांनी ताकद वाढवून ०.०५ केली आणि तेव्हापासून वाढ बरीच संथ झालीये. पूर्ण थांबली असं नाही म्हणणार.

त्रास म्हणाल तर पहिले काही आठवडे उन्हात डोळे मिचकावायचा. बाहुली थोडी मोठी राहते ना त्यामुळे. मैदानावर टोपी घालून जायचा, मग सवय झाली. पुस्तक जवळून वाचताना अंधुक दिसतं का हे मी मुद्दाम विचारत राहायचो, त्याला तसं फार झालं नाही. थेंब झोपताना घालायचे, आणि घातल्यावर डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यावर, नाकाच्या बाजूला, बोटाने मिनिटभर हलकं दाबून धरायचं म्हणजे औषध घशात उतरत नाही, एवढं मात्र आम्ही न चुकता करतो.

एक गोष्ट मात्र आधी विचारून घ्या, नंबर काढताना बाहुली मोठी करायचे थेंब घातले होते का? आमच्याकडे पहिल्यांदा एका दुकानात नुसत्या मशीनवर नंबर काढून चष्मा हातात दिला होता, पुढे थेंब घालून तपासलं तर पाऊण नंबर जास्तीचा लावलेला निघाला. लहान मुलं मशीनमध्ये बघताना डोळ्याला ताण देतात आणि मायनस जास्त येतो. तेव्हा दुपटीने वाढला म्हणण्याआधी दोन्ही वेळेस एकाच पद्धतीने मोजलंय ना ते बघा.

---

नाशिकची_ऑप्टोमेट्रिस्ट

इंदिरानगरची आई, तुमची पोस्ट वाचून राहवलं नाही म्हणून सविस्तर लिहिते. मी डोळ्यांच्या दवाखान्यात काम करते, लहान मुलांचे नंबर काढणं हेच रोजचं काम. औषध लिहून द्यायचं काम तुमच्या डॉक्टरांचं, मी फक्त यामागे काय आहे ते सांगते.

आधी मूळ गोष्ट. मायनस नंबर म्हणजे डोळा अशक्त झालेला नसतो, डोळा पुढून मागे लांब झालेला असतो. उजेड पडद्याच्या थोडा अलीकडेच एकत्र येतो म्हणून लांबचं धूसर दिसतं. आणि मुलाची उंची एकदा वाढली की परत कमी होत नाही तसंच या लांबीचं आहे, म्हणून कुठल्याही उपायाने आलेला नंबर जात नाही. जे काही करायचं ते पुढची वाढ संथ करण्यासाठी. नंबर मायनस पाच-सहाच्या पुढे गेला की पडदा ताणून पातळ होतो आणि मोठेपणी पडदा सुटणं, काचबिंदू, पडद्याच्या मधल्या भागाची झीज यांचा धोका बराच वाढतो. तुमच्या मिस्टरांना लेझर करावं लागलं ते त्यातलंच. आठव्या वर्षी नंबर लागलेल्या मुलीकडे वाढायला अजून आठ-दहा वर्षं आहेत, बाराव्या वर्षी लागला असता तर मी एवढ्या काळजीने लिहिलं नसतं.

आता तुमचा प्रश्न, स्क्रीन कमी असूनही कसा वाढला. २००८ साली एक अभ्यास आला होता, सिडनी आणि सिंगापूरमधली सहा-सात वर्षांची चिनी वंशाची मुलं घेऊन. वंश तोच, आईवडिलांना चष्मा असायचं प्रमाणही साधारण सारखंच. सिंगापूरच्या मुलांमध्ये मायनस नंबर २९.१ टक्के आणि सिडनीत ३.३ टक्के! आणि सिडनीची मुलं पुस्तकं उलट जास्त वाचत होती. ठळक फरक निघाला तो बाहेर असण्याचा, सिडनीची मुलं आठवड्याला पावणेचौदा तास घराबाहेर आणि सिंगापूरची तीन तास. तुमच्या मुलीचं वेळापत्रक वाचताना मला हेच आठवलं. त्यात मोबाईल नाही पण उजेडही नाही. बस, वर्ग, खोली, क्लास.

नुसत्या तुलनेवर कोणी थांबलं नाही. चीनच्या ग्वांगझूमध्ये बारा शाळा घेतल्या, सहा शाळांत पहिलीच्या मुलांना रोज ४० मिनिटांचा बाहेरचा तास जास्तीचा दिला आणि बाकी सहा होत्या तशाच ठेवल्या. तीन वर्षांनी बघितलं तर बाहेर जाणाऱ्या मुलांत ३०.४ टक्क्यांना नवीन नंबर लागला आणि बाकीच्यांत ३९.५ टक्क्यांना. २०१५ साली हे छापून आलं. तैवानने तर २०१० पासून सगळ्या प्राथमिक शाळांना सांगितलं की मुलं रोज १२० मिनिटं बाहेर हवीत. तिथे कमी दिसणाऱ्या मुलांचं प्रमाण वर्षानुवर्षं चढत चढत २०११ मध्ये ५० टक्क्यांवर गेलं होतं, ते २०१५ पर्यंत ४६.१ वर उतरलं. ऐकायला कमी वाटेल पण अख्ख्या देशातली चढती रेघ उलटी फिरलीये.

आपल्याकडचं म्हणाल तर दिल्लीत एम्सच्या डॉक्टरांनी शाळकरी मुलांची मोठी तपासणी केली होती, जवळजवळ दहा हजार मुलं, त्यात १३.१ टक्के मुलांना मायनस नंबर निघाला. खासगी शाळांत जास्त, आणि रोज दोन तासांपेक्षा जास्त बाहेर खेळणाऱ्यांत कमी.

हे होतं कसं, तर लख्ख उजेड पडला की पडद्यामध्ये डोपामिन नावाचं रसायन जास्त सुटतं आणि ते डोळ्याला लांब व्हायला अटकाव करतं असं प्राण्यांवरच्या प्रयोगांतून दिसलंय. म्हणून खेळच हवा असं नाही, उजेड हवा. झाडाखाली बसून गोष्टीचं पुस्तक वाचलं तरी चालतं, टोपी घातली तरी चालतं. आणि म्हणूनच डी व्हिटॅमिनच्या गोळ्या देऊन हे काम होत नाही, हा प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी येतोच.

आता कडू भाग. बाहेरच्या उजेडाचा फायदा नंबर लागायच्या आधी सगळ्यात जास्त आहे. एकदा लागला की नुसत्या मैदानाने वाढ थांबेल याचा पुरावा बराच कमकुवत आहे. तुमच्या मुलीचा वर्षात एक ते सव्वा नंबर वाढलाय, ही वाढ वेगाची आहे, वडिलांचाही नंबर मोठा आहे, म्हणून डॉक्टरांनी थेंब सुचवले ते मला प्रस्थ वाटत नाही.

थेंबांचं सांगते. हाँगकाँगमध्ये ४ ते १२ वर्षांच्या ४३८ मुलांवर चाचणी झाली. वर्षभरात औषध नसलेल्या मुलांचा नंबर सरासरी ०.८१ वाढला, ०.०१ टक्केवाल्यांचा ०.५९ आणि ०.०५ टक्केवाल्यांचा ०.२७. ताकद वाढवली तसा परिणाम वाढत गेला. आणि २०२३ मध्ये अमेरिकेतल्या एका चाचणीत ०.०१ टक्क्याचा नुसत्या साध्या, औषध नसलेल्या थेंबांपेक्षा काहीच वेगळा परिणाम दिसला नाही. भारतातल्या चाचणीत मात्र ०.०१ ने नंबर कमी वाढला होता. म्हणजे सगळ्यात सौम्य थेंबांबद्दल मतं सरळ नाहीत, सिडकोच्या दादांचा अनुभव त्याला धरूनच आहे. तुम्हाला कुठली ताकद लिहिलीये ते कागदावर बघा. आणि एक, हे थेंब मनाने अचानक बंद करायचे नाहीत, विशेषतः लहान मूल आणि जास्त ताकद असेल तर बंद केल्यावर नंबर पुन्हा वेग घेतो.

खास काचांमध्ये मधला भाग साध्या चष्म्यासारखा असतो आणि भोवती बारीक बारीक शेकडो भिंगं असतात, त्याने पडद्याच्या कडेला जो उजेड पडतो तो डोळ्याला लांब हो असा इशारा देत नाही. हाँगकाँगच्याच दोन वर्षांच्या अभ्यासात साध्या काचांच्या मुलांचा नंबर ०.८५ वाढला आणि या काचा घालणाऱ्यांचा ०.४१. पण त्या दिवसभर घातल्या तरच. अशाच दुसऱ्या प्रकारच्या काचांच्या अभ्यासात रोज बारा तास घालणाऱ्या मुलांना जास्त फायदा झालेला दिसला. फ्रेम नाकावरून घसरत असेल आणि मूल काचेच्या वरून बघत असेल तर ते पैसे वाया. दर महिन्याला फ्रेम घट्ट करून घ्या, पाच मिनिटांचं काम आहे.

दोन्ही एकदम लगेच हवंच असं नाही. खर्च झेपत नसेल तर आधी थेंब आणि मैदान, मग सहा महिन्यांनी बघून काचांचं ठरवा, हे डॉक्टरांशी मोकळेपणाने बोला. पैशांचं बोलायला पालक फार लाजतात, लाजू नका.

---

पंचवटीकर_काका

माझं वय बहात्तर. ताई, आमच्या वेळी अख्ख्या वर्गात एखाद्याला चष्मा असायचा. दिवसभर गोदाघाटावर नाहीतर तपोवनात हुंदडायचो. माझं म्हणणं असं की चष्मा चोवीस तास लावला की डोळे आळशी होतात, म्हणून फक्त शाळेत लावावा, घरी काढून ठेवावा. सकाळी गवतावरून अनवाणी चालणं, गाजर, गायीचं तूप, हे करून बघा, औषधं लगेच नको. नातवाला मी हेच सांगतो.

---

नाशिकची_ऑप्टोमेट्रिस्ट

काका, नमस्कार. हुंदडण्याबद्दल तुम्ही शंभर टक्के बरोबर आहात, आणि ते आज मोठमोठ्या चाचण्यांमधून सिद्ध झालंय. सकाळचं गवतावर चालणंही चांगलंच, पाय अनवाणी असल्यामुळे नाही, उजेडात असल्यामुळे.

पण चष्मा काढून ठेवण्याबद्दल हात जोडून विनंती करते, तसं सांगू नका. मलेशियात यावर चाचणी झाली होती, २००२ साली छापून आली. काही मुलांना पूर्ण नंबरचा चष्मा दिला आणि काहींना मुद्दाम थोडा कमी नंबरचा, डोळ्याला सवय लागू नये म्हणून. दोन वर्षांनी कमी नंबरवाल्यांचा नंबर जास्त वाढला होता, पूर्ण वाल्यांचा ०.७७ आणि कमी वाल्यांचा १.००. तेव्हा चष्म्याने डोळे आळशी होतात हे मायनस नंबरला लागू नाही. गाजर-तूप खाऊ दे की, चांगलंच आहे, फक्त त्याने डोळ्याची लांबी बदलत नाही.

नातवाचा नंबर किती आहे काका? आणि शेवटचं कधी तपासलं?

---

पंचवटीकर_काका

मायनस तीन आहे, नववीत. दोन वर्षांपूर्वी तपासलं असेल. या रविवारी घेऊन जातो.

---

दिंडोरीचा_मास्तर

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो, राहायला मखमलाबादला. ऑप्टोमेट्रिस्ट ताईंनी उजेडाचं लिहिलं त्यावर एक अनुभव सांगतो, कारण हा उजेडाचा फरक डोळ्यांना जाणवतच नाही, आपली बाहुली लगेच जुळवून घेते आणि आपल्याला वाटतं की वर्गातही छान उजेड आहे.

फोनवर उजेड मोजायचं एक फुकट अ‍ॅप असतं, लक्स मध्ये आकडा दाखवतं. एकदा दुपारी अकराला ते लावून शाळेत फिरलो. वर्गात मागच्या बाकावर १८०. खिडकीजवळच्या बाकावर ७००. व्हरांड्यात अडीच हजार. मैदानाच्या कडेला चिंचेखाली, दाट सावलीत, नऊ हजार. आणि उघड्यावर गेलो तर आकडा पन्नास हजारांच्या वर पळायला लागला. फोनचं मोजमाप काही अगदी अचूक नसतं पण फरक मागच्या बाकावरून चिंचेखाली पन्नास पट आहे हो, आणि मधलं अंतर तीस पावलंसुद्धा नाही! त्या दिवसापासून माझा गोष्टींचा आणि पाढ्यांचा तास चिंचेखाली असतो. पोरं पण खुश, आणि एकाही पोराला वही घेऊन खिडकीकडे सरकावं लागत नाही.

बरं, आमच्या गावात चष्मे कमी दिसतात ते सगळं मैदानामुळेच असंही मी म्हणणार नाही. काही पोरांना दिसत नसतं आणि घरच्यांना पत्ताच नसतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत येतं तेव्हा दोन-तीन मुलं तरी निघतातच. एक मुलगी सहावीपर्यंत मठ्ठ म्हणून मागे बसवलेली होती, नंबर निघाला मायनस चार. चष्मा मोफत मिळाला, शाळकरी मुलांना अंधत्व नियंत्रण कार्यक्रमातून मिळतो. चष्मा लावून पहिल्यांदा फळा वाचला तेव्हा ती शेजारणीला विचारत होती की तुला रोज असंच दिसतं का. म्हणून गावाकडच्या लोकांनीही हे वाचत असाल तर तपासणीच्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका.

इंदिरानगरच्या ताई, तुमच्या मुलीचा क्लास सातला सुटतो म्हणता. थंडीत आपल्याकडे सहाला सूर्य बुडतो. सातनंतर सोसायटीत दिव्याखाली खेळून या कामाचा उजेड मिळणार नाही. क्लासची वेळ बदलून घ्या.

---

अशोकामार्ग_२०१५

माझ्या मैत्रिणीने एक लाल उजेडाच्या मशीनची जाहिरात पाठवलीये, घरी रोज तीन मिनिटं बघायचं आणि नंबर थांबतो म्हणे. कोणी वापरलंय का?

---

नाशिकची_ऑप्टोमेट्रिस्ट

घेऊ नका. चीनमध्ये त्यावर अभ्यास झालेत आणि नंबरवर परिणाम चांगला दिसला हे खरं, पण एका बारा वर्षांच्या मुलीच्या पडद्याला इजा झाल्याचं २०२३ मध्ये छापून आलं, आणि त्यानंतर चीननेच ही यंत्रं सगळ्यात कडक नियमांच्या वर्गात टाकली. ऑनलाइन मागवून घरी मुलाच्या डोळ्यात उजेड मारायचा हा प्रकार कृपया कोणीही करू नये. मैत्रिणीलाही सांगा.

---

इंदिरानगरची_आई

सगळ्यांचे मनापासून आभार. सासूबाईंना मी ही सगळी चर्चा वाचून दाखवली, काकांचं म्हणणं आणि त्यावरचं उत्तर दोनदा वाचायला लावलं त्यांनी.

आज डॉक्टरांना परत भेटून आले. नंबर दोन्ही वेळेला थेंब घालूनच काढला होता, म्हणजे वाढ खरीच आहे. डोळ्याची लांबी पण मोजली, उजवा २४.१ मिलिमीटर आणि डावा २४.०. थेंब ०.०५ टक्क्याचेच लिहिलेत, ते आजपासून सुरू करतोय, काचांचं सहा महिन्यांनी. खर्चाचं स्पष्ट बोलले, त्यांनी काही वाईट वाटून घेतलं नाही.

अबॅकस बंद केलं. तिला त्याचं वाईट वाटलं नाही, मलाच वाटलं. क्लासच्या बाईंना विचारलं तर त्यांनी सव्वासहाची बॅच दिली, म्हणजे चार ते सहा मोकळी. शनिवार-रविवार सकाळी गोल्फ क्लब मैदानावर नाहीतर जॉगिंग ट्रॅकवर. पण पावसाळ्याचं काय करायचं? जून ते सप्टेंबर आपल्याकडे सूर्यच दिसत नाही कित्येक दिवस. आणि एप्रिल-मेच्या उन्हात चारला बाहेर काढायचं म्हणजे पोरगी भाजून निघेल.

आणि धाकट्याचं सांगा ना. त्यालाही आत्ताच थेंब घालून ठेवावेत का, म्हणजे नंबर लागणारच नाही?

---

नाशिकची_ऑप्टोमेट्रिस्ट

छान केलंत. लांबीचा आकडा फार कामाचा आहे, तो कागद जपून ठेवा. चष्मा नसलेल्या मुलांचा डोळाही या वयात वर्षाला थोडा वाढतोच, साधारण ०.१ मिलिमीटरच्या आसपास, मायनस वेगाने वाढणाऱ्यांचा ०.३ ते ०.४ वाढतो. तेव्हा सहा महिन्यांनी नुसता नंबर विचारू नका, लांबी किती वाढली ते विचारा, आणि त्याच मशीनवर मोजून घ्या.

पावसाळ्याची काळजी नको. ढगाळ दिवशीसुद्धा बाहेर पाच-दहा हजार लक्स सहज असतं, घरातल्या दिव्याखाली दोनशे. पाऊस थांबला की रेनकोट घालून खाली पाठवा, आणि धो धो असेल तर उघड्या गॅलरीत, पार्किंगच्या कडेला, कुठेही जिथे वर आकाश दिसतंय तिथे. उन्हाळ्यात सकाळी सात ते नऊ करा, आणि संध्याकाळी साडेपाचला. दोन तास सलग लागत नाहीत, तुकड्या-तुकड्यात चालतात. शाळेतली मधली सुट्टी पण त्यातच धरा, पण ती वर्गात बसून डबा खाण्यात जाते की बाहेर, ते मुलीला विचारा. बऱ्याच शाळांत मुलांना खाली सोडतच नाहीत. पालक सभेत हा विषय काढा, एकट्याने नको, चार-पाच आया मिळून काढा.

धाकट्याबद्दल. यावर २०२३ मध्ये हाँगकाँगचीच चाचणी आलीये, ४ ते ९ वर्षांची, अजून नंबर न लागलेली ४७४ मुलं. दोन वर्षांत साध्या थेंबांवर ५३ टक्क्यांना नंबर लागला आणि ०.०५ टक्केवाल्यांत २८.४ टक्क्यांना. आकडे मोठे आहेत. तरीपण मी तुमच्या जागी असते तर आज त्याला थेंब घातले नसते. ती हाँगकाँगची मुलं आहेत, तिथे नंबर लागायचं प्रमाण आपल्यापेक्षा कितीतरी जास्त, आणि औषध बंद केल्यावर पुढे काय होतं ते बघायला अजून वर्षं जावी लागतील.

त्याच्यासाठी आधी एकच करा, बाहुली मोठी करायचे थेंब घालून एकदा तपासा. पाच वर्षांच्या मुलाला थोडा प्लस नंबर असायला हवा, तो डोळ्याच्या वाढीसाठी शिल्लक असतो. साधारण प्लस एक किंवा वर असेल तर निर्धास्त राहा आणि वर्षाने दाखवा. शून्याच्या जवळ आला असेल तर नंबर यायच्या वाटेवर आहे असं समजायचं, मग दर सहा महिन्यांनी बघायचं आणि थेंबांचा विचार तेव्हा डॉक्टरांबरोबर करायचा. वडिलांना साडेपाच आणि बहिणीला आठव्या वर्षी सव्वादोन, एवढ्यावरून त्याला जोखीम आहे हे धरूनच चाला. पण त्याचं वय बघा, ग्वांगझूच्या मुलांना बाहेरचा तास मिळाला ते साधारण याच वयाची होती. मैदानाचा सगळ्यात जास्त फायदा या घरात कोणाला होणार असेल तर त्याला. ताईला चारला खाली नेताना त्याला झोपवून ठेवू नका, दोघांना न्या.

---

सिडकोचा_बाबा

ताई, आम्ही रविवारी सकाळी आठला गोल्फ क्लबलाच असतो, जॉगिंगवाल्यांच्या गर्दीतून बाजूला, मुलं क्रिकेट खेळतात. पाच-सहा जण आहेत, त्यातले तिघे चष्मेवाले. मुलीपण येतात. एक सांगून ठेवतो, चष्म्याला मागून बांधायची रबराची दोरी घ्या, कुठल्याही चष्म्याच्या दुकानात मिळते, नाहीतर पहिल्याच कॅचला चष्मा खाली पडतो.

---

इंदिरानगरची_आई

नक्की येतो दादा. धाकट्याची वेळ बुधवारची मिळालीये, प्लस किती निघतो ते इथे लिहितेच.